बिघाड चुंबकात की तारेत?
ओहमच्या नियमाने केलेले एका ब्रेकचे निदान

ओहमचा नियम तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. वाहकाच्या दोन टोकांमधील विभवांतराला त्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाने भागले की त्या वाहकाचा रोध मिळतो. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी हा नियम १८२७ साली प्रसिद्ध केला. परीक्षेत या नियमावर एखादे गणित हमखास येते. ते सोडवून आपण गुण मिळवतो आणि बहुधा तेथेच या नियमाशी असलेला आपला संबंध संपतो. परंतु याच नियमाच्या साहाय्याने दुरुस्तीच्या दुकानात सांगितलेले निदान बरोबर आहे की चूक, हे ठरवता येते. त्यामुळे पैसे तर वाचतातच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखादा अपघातही टळू शकतो. ते कसे, हे आज आपण एका उदाहरणावरून पाहू या. उदाहरण आहे अमेरिकेतील एका ट्रेलरच्या ब्रेकचे.

चाकांवरचे घर

अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत पुष्कळ कुटुंबे आपल्या मोटारीमागे एक छोटेसे घरच जोडून प्रवासाला निघतात. या घरात झोपायला खाटा असतात, स्वयंपाकाला शेगडी असते, पाण्याची टाकी असते. घराला खाली चाके असतात, पण स्वतःचे इंजिन मात्र नसते. पुढची मोटार ओढील तसे ते मागून जाते. असा ट्रेलर सामानासह दोन-अडीच हजार किलोग्रॅम सहज भरतो.

एवढे वजन ओढणे अवघड आहे असे तुम्हांला वाटेल. खरे तर ओढण्यापेक्षा ते थांबवणे अधिक अवघड. एक लहानसा हिशेब करून पाहा. मोटारीचे वस्तुमान २,००० किलोग्रॅम आणि ट्रेलरचे २,४०० किलोग्रॅम आहे असे समजू. वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. मोटार एकटी असताना तिचे ब्रेक १४,००० न्यूटन बल लावतात असे धरले, तर मंदन १४,००० ÷ २,००० = ७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे होईल. थांबेपर्यंत मोटार किती अंतर जाईल? वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीने भागायचे. ६२५ ÷ १४ म्हणजे सुमारे ४५ मीटर.

आता मागे ट्रेलर जोडा आणि त्याचे ब्रेक मुळीच लागत नाहीत असे समजा. बल तेच, पण वस्तुमान झाले ४,४०० किलोग्रॅम. मंदन उरते फक्त ३.२ च्या आसपास आणि थांबायला लागतात सुमारे ९८ मीटर! म्हणजे दुपटीहून अधिक अंतर. एवढेच नव्हे, तर मागचा ट्रेलर पुढच्या मोटारीला ढकलू लागतो. वळणावर असे झाले तर मोटार आणि ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे मध्येच दुमडतात. म्हणूनच अमेरिकेतील अनेक राज्यांत ३,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे १,३६० किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत असा कायदा आहे.

विजेवर चालणारा ब्रेक

आपल्याकडच्या मोठ्या मालवाहू ट्रेलरांना दाबलेल्या हवेवर चालणारे ब्रेक असतात. अमेरिकेतील या प्रवासी ट्रेलरांचे ब्रेक मात्र बहुधा विजेवर चालतात. त्यांची रचना मोठी गमतीदार आहे.

चाकाबरोबर लोखंडाचा एक पोकळ ड्रम फिरतो. त्याच्या आत दोन अर्धगोलाकार ब्रेक-शू असतात आणि त्यांवर घर्षण करणारे लायनर बसवलेले असतात. हे शू बाहेर ढकलले गेले की ते ड्रमवर घासतात आणि चाक थांबते. साध्या मोटारीत त्यांना ढकलण्याचे काम तेलाचा दाब करतो. येथे ते काम करतो एक विद्युतचुंबक.

विल्यम स्टर्जन या इंग्रज संशोधकाने १८२५ साली विद्युतचुंबक जगापुढे मांडला. लोखंडाभोवती तार गुंडाळून तीतून प्रवाह सोडला की लोखंड चुंबक बनते, प्रवाह थांबवला की चुंबकत्व जवळजवळ नाहीसे होते, हे तुम्ही शाळेत खिळ्यावर तार गुंडाळून पाहिलेच असेल. ट्रेलरच्या ब्रेकमध्ये असा चुंबक एका तरफेच्या टोकाला बसवलेला असतो. चालकाने मोटारीचा ब्रेक दाबला की त्याच्याजवळचे एक नियंत्रक यंत्र ट्रेलरकडे प्रवाह पाठवते. चुंबक फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट बाजूला चिकटू पाहतो. ड्रम तर फिरतो आहे. तो चुंबकाला आपल्याबरोबर थोडे ओढून नेतो. त्याबरोबर तरफ फिरते आणि तिचे दुसरे टोक शूंना बाहेर ढकलते.

पाहा, केवढी युक्ती! ब्रेक दाबण्याचे मोठे बल विजेचे नसतेच. ते फिरत्या चाकाकडूनच घेतलेले असते. वीज फक्त चुंबकाला चिकटायला लावते. म्हणून मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर एवढ्या मोठ्या वजनाला आवर घालता येतो. हेही ध्यानात घ्या की चाक स्थिर असेल तर तरफ ओढली जाणार नाही आणि म्हणून उभ्या ट्रेलरला धरून ठेवायला हा ब्रेक उपयोगी नाही. त्यासाठी चाकांखाली लाकडी ओंडके लावावेच लागतात.

आता काही आकडे पाहू. दहा किंवा बारा इंच व्यासाच्या ड्रममधील अशा चुंबकाच्या वेटोळ्याचा रोध सुमारे ३.२ ओहम असतो. आपल्या ट्रेलरला दोन आस आणि चार चाके आहेत, म्हणजे चार चुंबक झाले. ते समांतर जोडलेले असतात. चार समान रोध समांतर जोडले तर एकूण रोध एकाच्या चौथा हिस्सा होतो. म्हणजे ३.२ ÷ ४ = ०.८ ओहम. हा ०.८ चा आकडा लक्षात ठेवा. पुढे सारी गंमत त्याचीच आहे.

दुकानाचे निदान

समजा, एका कुटुंबाच्या ट्रेलरचे ब्रेक नीट लागेनासे झाले. पायाखालचा ब्रेक दाबला की मोटार थांबू पाहते, पण ट्रेलर मागून ढकलतो. चारही चाकांची पकड ढिली झाली आहे. कुटुंबाने ट्रेलर दुरुस्तीच्या दुकानात नेला. तेथील कारागिराने एका चुंबकाची तार सोडवली, मोटारीतले नियंत्रक पुरते चालू केले आणि सुट्या तारेच्या टोकाशी व्होल्टमीटर लावला. काटा १२ व्होल्टवर गेला. कारागीर म्हणाला, “वीज तर चाकापर्यंत पुरती येते आहे. तरीही ब्रेक लागत नाहीत, म्हणजे चुंबक गेले. चारही चाकांचे ब्रेक बदलावे लागतील.” खर्च शेकडो डॉलरचा.

हे बोलणे वरवर पाहता अगदी तर्कशुद्ध वाटते. वीज येते, काम होत नाही, म्हणून काम करणारी वस्तू बिघडली. कोणीही मान डोलावील. पण या तर्कात एक कडी कच्ची आहे. ती कोणती, हे पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतः शोधून पाहा.

निदान हे एक गृहीतकच असते

शास्त्रज्ञ एखादी कल्पना मांडतात तेव्हा तिला गृहीतक म्हणतात. गृहीतक खरे असेल तर अमुक दिसले पाहिजे, तमुक दिसता कामा नये, असे भाकीत त्यातून करता येते. ते पडताळून पाहिल्यावरच गृहीतक स्वीकारायचे की टाकायचे हे ठरते. दुरुस्तीच्या दुकानातले निदानसुद्धा असेच एक गृहीतक असते. कारागीर अनुभवी आहे म्हणून ते खरे ठरत नाही, आणि आपल्याला त्याचा खर्च परवडत नाही म्हणून ते खोटेही ठरत नाही. ठरवायचे ते मोजमापाने.

आपल्या ट्रेलरच्या दुखण्याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण, चुंबकांची वेटोळी बिघडली असतील. आतली तार तुटली असेल तर त्यातून प्रवाहच जाणार नाही, आणि वेटे आपसांत चिकटले असतील तर रोध कमी होऊन प्रवाह फाजील वाढेल.

दुसरे कारण, वीज ठीक असेल, पण यांत्रिक दोष असेल. लायनर झिजले असतील, त्यांवर चाकाचे ग्रीस सांडले असेल, चुंबकाचा पृष्ठभाग झिजून गेला असेल, किंवा शू आणि ड्रम यांमधील अंतर फार वाढले असेल.

तिसरे कारण, बॅटरीपासून चुंबकांपर्यंतच्या वाटेवर कोठेतरी नको असलेला रोध शिरला असेल.

तिन्ही कारणांनी ब्रेक ढिलेच लागतील. लक्षण एकच, रोग तीन. मग ते वेगळे कसे ओळखायचे?

पहिली कसोटी: प्रवाह किती?

ब्रेकला जाणारा प्रवाह मोजला की अर्धे काम होते. उत्तम स्थितीतल्या तारांनाही थोडा रोध असतोच. तो आपल्या ट्रेलरमध्ये जाता-येता मिळून ०.१६ ओहम आहे असे धरू. म्हणजे एकूण रोध ०.८ + ०.१६ = ०.९६ ओहम. १२ व्होल्टला ०.९६ ने भागले की १२.५ अँपिअर. निरोगी ट्रेलरने एवढा प्रवाह घ्यायला हवा.

आता भाकिते पाहा. दोष यांत्रिक असेल तर प्रवाह १२.५ च्या आसपासच येईल, कारण ग्रीस सांडल्याने वेटोळ्याचा रोध बदलत नाही. प्रवाह कमी किंवा जास्त आला तर दोष विजेच्या मंडलातच आहे. अशी एका मोजणीने एक शक्यता गळून पडते.

साध्या मल्टीमीटरमधून बहुधा १० अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देता येत नाही. म्हणून येथे तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा आणि बॅटरीचा एकदिश प्रवाह मोजू शकणारा अँमीटर वापरतात. नियंत्रक यंत्र एरवी प्रवाह तुकड्यातुकड्यांनी सोडते, म्हणून मोजताना ते पुरते उघडून अखंड प्रवाह सोडावा लागतो.

समजा, अँमीटरने ७.५ अँपिअर दाखवले. म्हणजे दोष यांत्रिक नाही, निदान फक्त यांत्रिक तरी नाही. प्रवाहच अपुरा आहे.

दुसरी कसोटी: चुंबकांचा रोध किती?

प्रत्येक चुंबकाच्या दोन्ही तारा सोडवून मल्टीमीटरने रोध मोजला. आकडे आले ३.२, ३.१, ३.२ आणि ३.३ ओहम. चारही निरोगी. येथेच दुकानाचे निदान डळमळीत झाले. वेटोळी बिघडलेली असती तर हे आकडे असे जुळले नसते.

खरे म्हणजे ही शंका आधीच यायला हवी होती. चार स्वतंत्र चुंबक एकाच वेळी आणि एकसारखेच बिघडतील, हे कितपत संभवते? घरातले चारही दिवे एकदम मंद झाले तर आपण चार नवे दिवे आणायला धावत नाही. चौघांना वीज आणणाऱ्या एकाच तारेकडे आपले लक्ष जाते. अनेक ठिकाणी एकाच वेळी एकच लक्षण दिसले की त्यांना सामाईक असलेली गोष्ट आधी तपासावी, हा निदानशास्त्राचा मोठा उपयुक्त नियम आहे.

तिसरी कसोटी: वाट बदलून पाहा

या ट्रेलरांवर एक छोटी बॅटरी आणि एक संकटकालीन स्विच असतो. चालताचालता ट्रेलर मोटारीपासून सुटलाच, तर एक बारीक दोरी ताणली जाऊन स्विचमधली पिन उपसली जाते. त्याबरोबर ट्रेलरवरची बॅटरी सर्व चुंबकांना एकदम प्रवाह देते आणि ट्रेलर आपोआप थांबतो.

निदानासाठी या स्विचचा सुरेख उपयोग होतो. मोटारीला जोडलेला प्लग काढून ठेवायचा, चाक जॅकने उचलून हाताने फिरवायचे आणि पिन ओढायची. समजा, चाक गपकन थांबले. चारही चाकांबाबत तेच घडले. आता चुंबक तेच, शू तेच, ड्रमही तेच. बदलली ती फक्त वीज येण्याची वाट. नव्या वाटेने ब्रेक उत्तम लागतात आणि जुन्या वाटेने लागत नाहीत, तर दोष जुन्या वाटेतच असला पाहिजे. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी असे आपले शिक्षक का सांगतात, ते यावरून कळेल. अर्थात ही पिन क्षणभरच ओढायची असते, नाही तर चुंबक तापतात आणि ती छोटी बॅटरी उतरते.

चौथी कसोटी: व्होल्ट कोठे हरवले?

७.५ अँपिअर प्रवाह ०.८ ओहमच्या चुंबकांतून जातो, म्हणजे चुंबकांना मिळतात फक्त ७.५ × ०.८ = ६ व्होल्ट. बॅटरी तर १२ व्होल्ट देते. मग उरलेले ६ व्होल्ट गेले कोठे?

ते हुडकायचे असतील तर सर्व तारा जागच्या जागी जोडलेल्या असताना आणि ब्रेकचा प्रवाह चालू असताना व्होल्टमीटर वाटेच्या एकेका तुकड्याच्या दोन टोकांना लावत जायचे. समजा, असे आकडे मिळाले:

मोटारीतील व ट्रेलरमधील ब्रेकची निळी तार: ०.९ व्होल्ट
प्लगमध्ये निळी तार जेथे पिनेला जोडली आहे तो जोड: ४.८ व्होल्ट
चुंबक: ६.० व्होल्ट
परत येणारी पांढरी तार: ०.३ व्होल्ट

बेरीज करा. बरोबर १२ व्होल्ट. वाटेवरच्या सर्व विभवांतरांची बेरीज बॅटरीच्या विभवांतराएवढी होते, हा किरखॉफ यांचा नियम (१८४५) येथे जमाखर्चाच्या वहीसारखा कामी येतो. जमा-खर्च जुळला, आणि चोरही सापडला. एका लहानशा जोडावर ४.८ व्होल्ट खर्ची पडत आहेत. त्याचा रोध ४.८ ÷ ७.५ = ०.६४ ओहम.

प्लग उघडला तेव्हा आत पाणी शिरल्याच्या खुणा दिसल्या. तांब्या-पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट कळंक तारेवर चढला होता. तारेचे पुष्कळसे पदर तुटून चार-दोनच धड उरले होते. या जोडात दर सेकंदाला किती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जात होती? ४.८ × ७.५ = ३६ वॅट. साधे सोल्डरिंग आयर्न २५ ते ३५ वॅटचे असते. म्हणजे ब्रेक दाबला की प्लगमध्ये जणू एक सोल्डरिंग आयर्नच तापत होते. प्लगचे प्लॅस्टिक त्या जागी थोडे वितळलेले दिसले, तर नवल नाही. चांगले निदान असे असते. ते एक लक्षण सांगून थांबत नाही, दिसणाऱ्या साऱ्या खुणांचा उलगडा करते.

तार पुढे-मागे छाटून, चकचकीत करून नव्या प्लगमध्ये पक्की बसवली की तो ०.६४ ओहम नाहीसा होतो. प्रवाह १२.५ अँपिअर होतो आणि चुंबकांना १० व्होल्ट मिळतात. चार चाकांच्या ब्रेकऐवजी एका प्लगच्या किमतीत काम झाले.

यापेक्षाही एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दुकानाच्या सांगण्याप्रमाणे चारही ब्रेक नवे बसवले असते, तरी तो कळंकलेला जोड तसाच राहिला असता. पैसे गेले असते आणि ब्रेक मात्र ढिलेच राहिले असते. चुकीच्या निदानाची खरी किंमत ही असते. आता ब्रेक नवे आहेत या भरवशावर चालक निर्धास्त होऊन उतारावर गेला असता!

व्होल्टमीटर खोटे बोलला का?

मग कारागिराला १२ व्होल्ट कसे दिसले? त्याचा व्होल्टमीटर बिघडला होता का? मुळीच नाही. कच्ची कडी येथेच आहे. त्याने मोजताना चुंबकाची तार सोडवली होती. शिवाय उरलेले चुंबक जोडलेले राहू नयेत म्हणून त्यांच्याकडे जाणारी सामाईक तारही त्याने सोडवली असावी, कारण त्याखेरीज पुरते १२ व्होल्ट दिसले नसते. आता वाटेत फक्त व्होल्टमीटर उरला. त्याचा रोध प्रचंड असतो, आजच्या अंकदर्शक मीटरचा तर सुमारे एक कोटी ओहम. त्यामुळे मंडलातून नगण्य प्रवाह वाहतो. आणि प्रवाहच नसेल, तर ओहमच्या नियमाप्रमाणे ०.६४ ओहमच्या जोडावर विभवांतर तरी कोठून येणार? एका व्होल्टचा दहा लाखावा भागही त्यावर खर्ची पडत नाही. म्हणून टोकाशी पुरते १२ व्होल्ट दिसतात.

बागेला पाणी घालायच्या रबरी नळीचे उदाहरण घ्या. नळी मध्येच कोठेतरी चिमटली आहे. तिच्या तोंडावर अंगठा दाबून धरला तर थोड्या वेळात तेथे पाण्याचा पुरता दाब जाणवतो. नळी उत्तम आहे असे वाटते. अंगठा काढला की मात्र पाणी बारीक धारेने येते. चिमटलेली जागा पाणी वाहू लागल्यावरच कळते. तसेच वाटेतला रोध प्रवाह वाहू लागल्यावरच दिसतो. म्हणून कोणतीही वीजवाट तपासायची ती तिच्यावर कामाचा भार असताना.

आपल्याकडील खेड्यांतही हे अनुभवाला येते. संध्याकाळी एकामागून एक शेतातले पंप सुरू झाले की लांबच्या वस्तीवरचे दिवे मंदावतात, पंप थांबले की पुन्हा लख्ख होतात. दिवे बिघडलेले नसतात. लांबलचक तारेच्या रोधावर प्रवाह वाढल्यामुळे अधिक व्होल्ट खर्ची पडतात, एवढेच.

घरी करून पाहा

दोन टॉर्चचे सेल, टॉर्चचे चार लहान बल्ब, थोडी तार आणि एक पेन्सिल एवढे साहित्य घ्या. सेल एकसर जोडा. चारही बल्ब समांतर जोडा. प्रथम ते सरळ सेलना जोडून किती प्रकाश पडतो ते पाहा.

आता पेन्सिलीचे शिसे सोलून काढा आणि त्याचा पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा सेल व बल्ब यांमधल्या तारेत एकसर जोडा. हा तुमचा ‘कळंकलेला जोड’. चारही बल्ब एकसारखे मंद होतील. तीन बल्ब काढून टाका. उरलेला एक अधिक उजळ होईल. तोही काढा आणि त्याच्या जागी व्होल्टमीटर लावा. विभवांतर जवळजवळ पूर्ण तीन व्होल्ट दिसेल. कारागीर जेथे फसला, ते तुम्ही आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. शेवटी चारही बल्ब परत लावून व्होल्टमीटर शिशाच्या दोन टोकांना लावा. हरवलेले व्होल्ट तेथे सापडतील.

हा प्रयोग सेलवरच करा. घरातल्या विजेवर किंवा मोटारीच्या बॅटरीवर तो करू नका. शिसे जास्त वेळ जोडून ठेवल्यास तापते, तेव्हा त्याला जपून हात लावा. आणि जॅकवर उचललेल्या वाहनाखाली मुलांनी कधीही शिरू नये. ते काम मोठ्यांचे.

वाद कसा घालावा?

हाती आकडे असले म्हणजे दुकानात जाऊन आरडाओरडा करावा लागत नाही. कारागीर लबाड असलाच पाहिजे असेही नाही. घाईत, सवयीने किंवा अपुऱ्या तपासणीमुळे प्रामाणिक माणसाचेही निदान चुकते. त्याला आपण नम्रपणे चार प्रश्न विचारावेत.

तुम्ही नेमके काय मोजलेत? मोजताना प्रवाह वाहत होता का? वस्तू निरोगी असती तर आकडा किती आला असता? आणि हीच लक्षणे दुसऱ्या कशामुळे होऊ शकतात, ती शक्यता तुम्ही कशी वगळलीत?

चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावणार नाही. उलट, “चला, तुमच्यासमोरच मोजू,” असे म्हणेल. मोजणीत १२.५ अँपिअर आले, तर ब्रेक उघडून आतले लायनर पाहायला हवेत हे आपणही मान्य करावे. कारागिराचे म्हणणे खरे ठरले तर हरल्याचे वाईट वाटायचे कारण नाही, कारण आपल्याला वाद जिंकायचा नसून ब्रेक दुरुस्त करायचे आहेत.

काम सुरू होण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. ही सवय ट्रेलरलाच नव्हे, तर सायकलपासून पंख्यापर्यंत सर्व दुरुस्त्यांना उपयोगी आहे. आपल्या देशात सदोष सेवेविरुद्ध दाद मागण्याची सोय १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने झाली आणि त्याच्या जागी आता २०१९ चा नवा कायदा आहे. परंतु तेथेही “मला असे वाटते” यापेक्षा “मोजले तेव्हा असे आढळले” या वाक्याला अधिक वजन येते.

विचार करा

१. चार चुंबकांपैकी एकाच्या वेटोळ्याची तार तुटली आहे. इतर तीन निरोगी आहेत आणि तारांचा रोध ०.१६ ओहम आहे. एकूण प्रवाह किती असेल?

२. प्रवाह बरोबर १२.५ अँपिअर आहे, संकटकालीन स्विचची पिन ओढली तरी चाके ढिलीच थांबतात. दोष कोठे शोधाल?

३. १० मीटर लांब आणि २ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०८५ ओहम असतो. छेद दुप्पट केला तर १२.५ अँपिअरला किती व्होल्ट वाचतील?

उत्तरे: (१) तीन चुंबकांचा समांतर रोध १.०७ ओहम, एकूण १.२३ ओहम, म्हणून प्रवाह सुमारे ९.८ अँपिअर. (२) यांत्रिक भागांत. लायनर, ग्रीस, चुंबकाचा पृष्ठभाग आणि शूंमधील अंतर तपासावे. (३) रोध निम्मा होतो. सुमारे अर्धा व्होल्ट वाचतो.